चष्म्याशिवाय ओवलेली सुई

पोट आत ओढून उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाचं माप मास्तर कधी घेत नसत. टेप कमरेभोवती टाकायची, दोन बोटांत सैल धरायची आणि गप्प उभं राहायचं. गिऱ्हाईक पंख्याकडे बघतंय, मास्तर भिंतीकडे. कानडी माणूस असला तर म्हणायचे, “उसिरु बिडी, सार.” मराठी असला तर, “श्वास सोडा. मला घाई नाही.” माणूस थांबून थांबून किती थांबणार? श्वास सुटायचा, पोट बाहेर यायचं आणि मास्तर आकडा मोठ्यानं सांगायचे. मागे पाटावर बसून मी काजं करत असायची, आकडा वहीत मीच लिहायची. माझी शाळा चौथीपर्यंत. नावं आणि आकडे लिहायला तेवढी पुरते.

दुकान चामराजपेटेत, क्रॉसच्या, म्हणजे आडव्या गल्लीच्या, तोंडाशी, फुलवालीच्या शेजारी. नवरा गेल्यावर मी तिथे कामाला लागले आणि दुकान बंद होईपर्यंत राहिले. काजं, बटणं, तुरपाई, अस्तराची हातशिलाई. गल्ली मला अक्का म्हणायची म्हणून मास्तरही अक्काच म्हणत, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे असून. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायचे, “माप जुळलं नाही.” दुकानामागच्या खोलीत राहायचे.

चांगले होते असं मी म्हणणार नाही. हट्टी होते आणि स्वतःचं तेच खरं करायचे. पण शिवलेली बाही खांद्यावर अशी बसायची की माणूस आरशासमोरून हलायचा नाही.

मशीनला चपलेचा पाय लावायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. पायमशीन त्यांच्या आजोबांची. दसऱ्याच्या आयुधपूजेला तिला हळदकुंकू, झेंडूचा हार आणि कोहळा. “ती आपल्याला पोसते, तिला उघडा पाय लागला पाहिजे,” म्हणायचे. म्हणून दुकानात ते कायम अनवाणी. आणि टाचण्या मोजून. ट्रायल घेताना वाटीतून वीस टाचण्या काढायच्या, ट्रायल झाली की वीस वाटीत परत. एक कमी भरली तर मी दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक फरशीवरून ओढत फिरायची. टाचणी सापडेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही.

आणि सकाळची सुई. दुकान उघडलं की देवाला उदबत्ती, मग दारात उजेडाला उभं राहून सुईत दोरा. पंचेचाळिशीनंतर चष्मा लावून ओवायचे, कुरकुरत. साठी उलटली आणि एक दिवस चष्मा न लावता दोरा पहिल्या झटक्यात आत गेला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी चष्मा खडूच्या डब्यात टाकला आणि डबा बंद केला.

“बघितलंस अक्का? डोळे परत तरुण झाले.”

“कशानं?”

“साखर सोडली. कॉफीत गूळ घालतो आता. आणि चालतो.”

फुलवालीला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकासमोर सुई ओवून दाखवली. मलाही नवल वाटलं. माझा चष्मा तेव्हा दर दोन वर्षांनी जाड होत होता. खरं सांगायचं तर हेवा वाटला.

त्याच दिवसांत ते पाणी फार प्यायला लागले. मशीनशेजारी पितळी तांब्या असायचा, तो मी दिवसातून चार वेळा भरायची. अर्ध्या तासाला उठून मागे जायचे. मागच्या मोरीत मुंग्यांची रांग लागली. मी फिनेल ओतलं. परत लागली, परत ओतलं. माझ्या आईनं ती रांग बघितली असती तर लगेच ओळखलं असतं. मी पण ओळखायला हवं होतं. मी फिनेलची बाटली आणली.

कंबरही उतरली. दर आयुधपूजेला मास्तर स्वतःचं माप घेऊन दाराच्या चौकटीवर खडूनं लिहायचे. त्या वर्षी छत्तीसची चौतीस झाली, पुढच्या वर्षी बत्तीस. स्वतःच्या पॅन्ट्स स्वतः आत घेतल्या आणि खूश झाले. त्यांचं एक पक्कं गणित होतं, की साखरेचा आजार पोटाच्या माणसाला होतो. ज्याची कंबर चाळीसच्या पुढे जाईल त्याला माप सांगताना ते बजावायचे, “कोट नंतर, आधी रक्त तपासून या.” लोक हसायचे. काही चिडायचे.

असाच एक पुण्याचा मुलगा आला होता. मुलगा म्हणते, पण तिशी उलटलेली, टक्कल पडायला लागलेलं. एचएसआर लेआउटला राहायचा, व्हाइटफील्डला कंपनीत. लग्नाचा बंदगळ्याचा कोट शिवायचा होता.

“काका, ॲक्च्युअली मी जिम जॉइन केलंय,” तो म्हणाला. “नेक्स्ट मंथपर्यंत टू इंचेस कमी होतील. त्या हिशेबानं माप घ्या ना.”

“पुढच्या महिन्यातल्या माणसाला पुढच्या महिन्यात पाठव,” मास्तर म्हणाले. “आज तू आला आहेस. श्वास सोड.”

त्यानं सोडला. बेचाळीस.

“घरात कोणाला साखर?”

“बाबांना आहे. पण मी अजून यंग आहे, काका.”

“टेपला वय कळत नाही. रक्त दे जा.”

पंधरा दिवसांनी तो परत आला तो पेढे घेऊन नाही, एक छोटं यंत्र घेऊन. त्याच्या रक्तात खरंच साखर निघाली होती, सुरुवातीची. डॉक्टर म्हणाले होते, वेळेवर आलात. त्याचे डोळे भरून आले होते. मास्तरांचे पाय धरायला वाकला.

“पाय नको. बोट टोचतं का ते यंत्र? कसं बघू,” म्हणत मास्तरांनी आपलंच बोट पुढे केलं. नुसती गंमत म्हणून.

यंत्रावर चारशे बारा आलं. मुलानं यंत्र हलवलं, दुसरी पट्टी घातली, दुसरं बोट टोचलं. चारशे पाच.

“बिघडलंय तुझं यंत्र,” मास्तर म्हणाले.

मुलानं स्वतःचं बोट टोचून दाखवलं. एकशे चाळीस. यंत्र बरोबर होतं.

त्यानंच धरून डॉक्टरकडे नेलं. गोळ्या मिळाल्या. मास्तर गोळ्या घ्यायला लागले, अगदी वेळेवर, जसे टाके मोजायचे तसे. पाणी कमी झालं, मोरीतल्या मुंग्या गेल्या. आणि तिसऱ्या आठवड्यात सकाळची सुई अडली. दोरा एकदा बाजूनं गेला. दोनदा. दहादा. खडूच्या डब्यातून चष्मा काढला, तोही नीट लागेना. जुन्या नंबरात धुरकट दिसायला लागलं. सुया मग मी ओवून द्यायला लागले. दिवसाला वीस-पंचवीस. माझं काज अर्धवट टाकून उठायचं, ओवायचं, परत बसायचं.

आठवडाभरानं मी वैतागले. एका दुपारी तिसऱ्यांदा हाक आली आणि मी पाटावरूनच म्हणाले, “मास्तर, एक तर नवा चष्मा करा नाहीतर त्या गोळ्या सोडा. माझ्यानं दोघांचं काम होत नाही.”

मी ते बोलले. चेष्टेत बोलले असं आता म्हणू शकते, पण तेव्हा मला राग आला होता आणि तोंडात आलं ते बोलले.

मास्तरांनी न ओवलेली सुई उशीला टोचली. मग म्हणाले, “खरंय. गोळ्या सुरू केल्या आणि डोळे गेले. गोळीच विष आहे.”

दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद. वीस-पंचवीस दिवसांत सुई परत पहिल्या झटक्यात ओवली जायला लागली. मास्तरांनी चष्मा पुन्हा डब्यात टाकला. मी मनात म्हटलं, सुटले. पाण्याचा तांब्या परत भरायला लागले.

असे सात-आठ महिने गेले. त्या मुलाचं लग्न काही कारणानं पुढे ढकललं होतं, आता तारीख आली. मधल्या काळात तो खरंच दोन इंच उतरला होता, म्हणून मास्तरांनी नवं माप घेतलं. कोटाची पहिली ट्रायल सोमवारी झाली. संध्याकाळी मी टाचण्या वाटीत टाकल्या. एकोणीस.

“परत मोज.”

“एकोणीसच.”

मी चुंबक फिरवलं. मशीनखाली, टेबलाखाली, उंबऱ्यापाशी. मास्तर स्वतः टॉर्च घेऊन अनवाणी अख्खं दुकान फिरले, एकेका फरशीची फट बघत. टाचणी सापडली नाही. “त्या मुलाच्या पॅन्टला लागून गेली असेल,” ते म्हणाले. फोन करून त्याला सांगितलं, “कपडे झटक रे.”

गुरुवारी दुपारी तो दुसऱ्या ट्रायलला यायचा होता. मास्तर मशीनवर डाव्या बाहीचं अस्तर चढवत होते. त्यांचा उजवा पाय मला सकाळपासून सुजलेला दिसत होता, पण बसून बसून सुजतो म्हणून मी लक्ष दिलं नाही. एक बटण घरंगळून मशीनखाली गेलं. पितळी बटण, चुंबकाला लागणारं नव्हे, तरी चुंबक हाताशी होतं म्हणून मी दोऱ्याला धरून त्यानंच बटण पुढे ओढायला गेले. मास्तरांचा पाय जमिनीवर कलता टेकलेला होता, तळवा माझ्याकडे.

चुंबक टक् करून पायाला चिकटलं.

मी दोरा ओढला. निघेना. पाऊल माझ्याकडे किंचित ओढलं गेलं, आणि वर मास्तर शीळ घालत बाही सरळ करत होते. त्यांना काही कळलं नव्हतं.

मी खाली वाकले. तळव्यात, करंगळीच्या खाली, टाचणीचं डोकं. कातडीत बसलेलं, बटण शिवल्यासारखं. भोवती काळं आणि त्याच्या भोवती लाल, घोट्यापर्यंत गेलेलं. वास येत होता. तीन दिवस ते त्या टाचणीवर मशीन चालवत होते.

“मास्तर, पाय दाखवा.”

“का गं?”

“टाचणी सापडली.”

त्यांनी पाय गुडघ्यावर घेतला, बघितलं, आणि टाचणी दोन बोटांत धरून उपसून काढली. चेहऱ्यावर सुरकुती नाही. पू आला. त्यांनी चिंधीनं पुसलं, टाचणी वाटीत टाकली आणि म्हणाले, “वीस झाल्या.” आणि पाय परत मशीनवर.

“दवाखान्यात चला.”

“बाही राहिलीय.”

“मास्तर, पाय सडलाय.”

“दुखत तर नाही! दुखत असतं तर गोष्ट वेगळी.”

“दुखत नाही तेच वाईट आहे. मी काही शिकलेली नाही, पण टाचणी टोचली की दुखावं एवढं मला कळतं.”

त्यांनी मशीन चालू केली. मग मी चाकावरचा पट्टा उपसला आणि कमरेला खोचला. मशीन थांबली. इतक्या वर्षांत मी त्यांच्या मशीनला हात लावला नव्हता. ते उभे राहिले, हात पुढे केला.

“पट्टा दे.”

“नाही देणार.”

“अक्का, दुकान माझं आहे.”

“पाय पण तुमचाच आहे.”

त्यांनी उशीतून सुई उपटली, रिळाचा दोरा तोडला आणि माझ्या नाकासमोर धरून चष्म्याशिवाय एका झटक्यात ओवला. “हे बघ! हे डोळे बघ! विशीतल्या पोराला जमणार नाही. आजारी माणसाचे डोळे आहेत हे? बाही मी हातानं शिवीन.” आणि खरंच शिवायला बसले. सुंदर, सारखे टाके. खाली फरशीवर पायातून पाणी गळत होतं.

तेवढ्यात तो मुलगा दारात आला. मी त्याला बोटानं पाय दाखवला. त्यानं बघितलं, पण ओरडला नाही. मास्तरांच्या समोर स्टुलावर बसला.

“काका, मी गाडी आणलीय.”

“स्वल्प थांब. बाही होऊ दे.”

“काका, पोट आत ओढून माणूस किती वेळ उभा राहील?”

मास्तरांचा हात थांबला. त्यांनी सुई अस्तरात खोचून ठेवली आणि म्हणाले, “सरी, ठीक. चल.”

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, कानडी. त्यांनी पाय बघितला, पेन काढलं आणि लाल जिथे संपत होतं तिथे कडेकडेनं घोट्याभोवती रेघ मारली. मास्तरांनी मान उचलून बघितलं.

“इथून कापणार?”

“नाही. हे लाल उद्यापर्यंत या रेघेच्या आत राहायला हवं. वर चढलं तर मग गुडघ्याखाली विचार करावा लागेल.”

“आमच्यात रेघ मारली की कात्री लावतात, बाई.”

हाताला सलाईन लागली, पोटात इन्सुलिनची सुई गेली. रक्तात पाचशेच्या वर साखर होती. बाईंनी विचारलं, “गोळ्या कोणी बंद करायला सांगितल्या?”

“कोणी नाही,” मास्तर म्हणाले. “माझं डोकं. गोळ्यांनी माझे डोळे गेले होते. सोडल्या आणि परत आले.”

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. त्या म्हणाल्या, डोळ्यात भिंग असतं. रक्तात साखर फार झाली की ते फुगतं. फुगलं की लांबचं धूसर होतं आणि जवळचं स्पष्ट. म्हाताऱ्या माणसाला वाटतं, चष्मा सुटला. गोळीनं साखर उतरते, भिंग जागेवर यायला लागतं, तेव्हा काही आठवडे कुठलाच चष्मा धड लागत नाही. दीड-दोन महिन्यांनी डोळे स्थिरावतात, मग नवा नंबर काढायचा. “तुम्ही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सोडल्यात. अजून थोडं थांबायला हवं होतं.”

“म्हणजे रोज सकाळी मी सुई ओवत होतो ती...”

“साखरेनं ओवत होतात.”

मास्तरांनी मग विचारलं, “आणि मी तर वाळत गेलो. हा आजार पोटाच्या माणसाचा ना?”

“बारीक माणसालाही होतो. आणि साखर रक्तातच राहिली, अंगाला मिळाली नाही, तर अंग आपलंच मांस खातं. तुम्ही वाळलात ते त्या आजारानंच.”

“दुकानात कापडाची थानं पडलेली, पण कात्री चालत नाही,” मास्तर म्हणाले. “मग जुने कपडे उसवून दिवस काढायचे.”

“अगदी तसंच.”

मला तिथे उभं राहवेना. “बाई, गोळ्या सोडा असं मी म्हणाले होते,” मी सांगितलं. “सुया ओवून कंटाळले होते म्हणून.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मास्तर खाटेवरून म्हणाले, “तू दोन गोष्टी म्हणालीस, अक्का. चष्मा कर असंही म्हणालीस. त्यातली नको ती मी उचलली.” हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल. मला बरं वाटलं नाही.

रात्रभर तो मुलगा थांबला, सकाळी मी गेले. चादर वर करून बघितलं. घोट्याच्या आतल्या बाजूला लाल रेघेच्या आत होतं. बाहेरच्या बाजूला बोटभर वर चढलं होतं. दुपारी करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि तळव्याचा चतकोर तुकडा काढला. मग आम्ही रेघेकडे बघत बसलो. शनिवारी लाल परत रेघेच्या आत आलं. रविवारी अजून खाली. पाय राहिला.

कोट मीच पूर्ण केला, मास्तर खाटेवरून सांगतील तसा. डावी बाही त्यांच्याइतकी बसली नाही. मुलगा म्हणाला, फोटोत कळत नाही.

पुढच्या आयुधपूजेला मास्तरांनी एक नवा कॅनव्हासचा बूट मशीनशेजारी पाटावर ठेवला. उजव्या पायाचा, पुढे कापूस भरलेला. मशीनला कुंकू लावलं, मग बुटालाही लावलं. “हिची परवानगी काढली,” मला म्हणाले. त्यानंतर दोन्ही पायांत बूट घालून मशीन चालवायचे. रोज संध्याकाळी भिंतीला आरसा टेकवून तळवे बघायचे आणि मलाही बघायला लावायचे.

सकाळची सुई मात्र सुटली नाही. दारात उभं राहून आधी चष्म्याशिवाय ओवून बघायचे. दोरा बाजूनं गेला की, “सरी, ठीक आहे,” म्हणायचे आणि नवा चष्मा लावून ओवायचे. फुलवाली हसायची. तिला वाटायचं म्हातारा चळला.

तीन वर्षांनी हृदयानं गेले. आधीची इतकी वर्षं साखर आतून पोखरत होती, ती कुठे जाणार? मशीन त्या मुलाकडे आहे, एचएसआरला, दिवाणखान्यात शोभेला ठेवलीय. वर झाड ठेवलंय. मी त्याला बोलले नाही.

मला स्वतःला साखर निघाली त्याला दीड वर्ष झालं. माझ्या आईला होती, तर निघायचीच. गोळ्या आहेत. आता घरीच कोणाची साडी आली तर फॉल लावते. उगादीच्या पाडव्याला होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, खाल्ल्या, त्या दोन-तीन दिवस पुरल्या, आणि त्यानंतर महिनाभर मी गोळ्या नीट घेतल्या नाहीत. कंटाळा आला होता. बरं वाटत होतं.

गेल्या मंगळवारी साडी मांडीवर घेतली. चष्मा आत राहिला होता. उठायचा आळस केला आणि तशीच सुई उजेडाला धरली. दोरा पहिल्या झटक्यात आत गेला.

शेजारीण दारात बसली होती. म्हणाली, “अक्का! या वयात? दृष्ट काढा स्वतःची.”

मी दोरा परत बाहेर काढला आणि पुन्हा ओवून बघितला. पुन्हा गेला.

सुई उशीला टोचली, साडी घडी करून ठेवली, चपला घातल्या आणि रक्त द्यायला गेले.